रुमाल टाकून जागा धरणारं ऑफिस

आमचं ऑफिस हिंजवडी फेज तीनला होतं. दोन मजले, 180 माणसं, खुर्च्या 200, वर कॅन्टीन आणि टेबल टेनिस. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि पुढे कितीतरी महिने कंपनी रिकाम्या मजल्यांचं भाडं भरत राहिली. करार संपल्यावर बाणेरला एकच मजला घेतला. खुर्च्या 74. आठवड्यातले दोन दिवस ऑफिस, तीन दिवस घर. हे लोकांच्या अंगवळणी पाडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला एचआरमध्ये जेमतेम तीन वर्षं झाली होती. तुमच्या गळ्यात असंच काम पडलं तर निदान माझ्या चुका तरी टळाव्यात, म्हणून हे लिहितेय.

पहिली चूक गणिताची. 180 माणसं, प्रत्येकी दोन दिवस, म्हणजे आठवड्याला 360 हजेऱ्या. पाच दिवसांत वाटल्या की रोजचे 72. खुर्च्या 74, म्हणजे वर दोन उरतात! ती एक्सेल शीट मी मोठ्या रुबाबात साहेबांना दाखवली होती. पण माणसं सरासरीने ऑफिसात येत नाहीत. सोमवारी आणि शुक्रवारी मजला ओस, कारण शनिवार-रविवारला जोडून गावी गेलेला माणूस तिथूनच लॉगिन करतो. आणि गुरुवारी शंभरावर डोकी. गुरुवारीच का, ते पुणेकराला सांगायला नको. देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बहुधा गुरुवारी जाते, महापालिकेचं पाणीही बऱ्याचदा त्याच दिवशी बंद असतं. घरी वायफाय नाही, नळ कोरडा. ऑफिसात एसी आणि फुकटचा चहा. कोण थांबेल घरी?

त्यामुळे वेळापत्रक करायच्या आधी हजेरीच्या कार्डांची वारवार नोंद काढा. ॲडमिनकडे ती असते, कुणी मागत नाही एवढंच.

मग सीट बुकिंगचं ॲप आलं. रविवारी रात्री बाराला पुढच्या आठवड्याचं बुकिंग उघडायचं, बारा वाजून पाच मिनिटांनी गुरुवार फुल्ल! एक जण अख्ख्या टीमच्या जागा धरून ठेवायचा, त्यातले निम्मे उगवायचेच नाहीत. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी आपली जात. ॲप आलं म्हणून ती थोडीच सुधारणार? ॲपवर जागा नाही मिळाली की लोक सकाळी लवकर येऊन खुर्चीवर जर्किन टाकून नाश्त्याला जायचे. यावर मी तीन कडक ईमेल पाठवले. शून्य उपयोग. उपयोग झाला तो दोन नियमांचा. साडेदहापर्यंत कार्ड पंच झालं नाही की जागा आपोआप मोकळी. आणि प्रत्येक टीमला एक वार ठरवून दिला, दुसरा ज्याचा त्याने निवडायचा. वार ठरवताना ज्यांची कामं एकमेकांत अडकलेली असतात त्यांना एकाच दिवशी बोलवा. सुरुवातीला आमच्याकडे डेव्हलपर मंगळवारी आणि टेस्टिंगवाले बुधवारी येत होते. बाणेरपर्यंत यायचं आणि पुन्हा चॅटवरच भांडायचं.

जुनी जागा सोडायच्या दिवशी मात्र मला खरा प्रश्न कळला. खिडकीजवळच्या कोपऱ्यात 14 वर्षं बसणारे एक सिनियर होते. त्यांच्या ड्रॉवरमधून निघालं काय, तर आवळा सुपारीची डबी, इस्त्रीचा एक जादा शर्ट, मुलीने पहिलीत काढलेलं चित्र, स्टीलचा पेला. ते सगळं टेबलावर मांडून त्यांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, हे रोज बॅगेतून आणू-नेऊ का?" बदल कसा स्वीकारावा यावर मी चाळीस स्लाइडचं सेशन तयार ठेवलं होतं. ते तिथेच रद्द केलं आणि त्या पैशातून लॉकर घेतले. दोघांत एक लॉकर असा काटकसरीचा विचार कुणी सुचवेल, ऐकू नका. माणशी एक, वर नाव, आणि किल्ली त्याच्याच खिशात. खुर्ची गेल्याची कुरकुर निम्म्याने कमी झाली. दसऱ्याला मात्र पंचाईत झाली. खंडेनवमीला झेंडू वाहायचा तो कुणाच्या कॉम्प्युटरला? शेवटी सगळे लॅपटॉप कॉन्फरन्स रूमच्या टेबलावर ओळीने मांडले आणि एकच पूजा केली.

जुन्या खुर्च्या भंगारात निघाल्या होत्या. त्या लोकांना घरी नेऊ द्या, टेम्पोचं भाडं कंपनीने द्यावं. डायनिंग टेबलाशी बसून काम करणाऱ्यांची कंबर तुम्हाला दुवा देईल.

कंपनीची बस बंद झाली हे मला आजही पटलेलं नाही. हडपसरहून येणाऱ्यांचे हाल झाले, आणि भाड्यात वाचलेल्या पैशातून प्रवासभत्ता द्या हे म्हणणं मी वेळेवर मांडलं नाही. तुम्ही पहिल्याच बैठकीत मांडा. पाळणाघराचंही तसंच. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीपासून 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करावी लागते. मोजायची ती माणसं, खुर्च्या नव्हेत. जागा लहान झाली म्हणून आमच्या नकाशातून ती खोली गुपचूप गायब झाली होती. मग जवळच्या पाळणाघराशी करार केला.

सगळ्यात जास्त नुकसान नव्या पोरांचं होतं. घरूनच रुजू झालेल्या एका मुलीने मला चार महिन्यांनी सांगितलं, की फालतू शंका कुणाला विचारायची हेच तिला माहीत नव्हतं. तिच्या मॅनेजरचे दिवस वेगळे, तिचे वेगळे. तेव्हापासून नव्या माणसाला पहिले तीन महिने मॅनेजरच्याच दिवशी बोलावतो, शेजारची खुर्ची देतो आणि जेवायला कुणाबरोबर जायचं तेही ठरवून देतो. डबा उघडला की माणूस बोलतो. मीटिंगमध्ये एक जण जरी घरून असेल तरी सगळ्यांनी आपापला लॅपटॉप उघडायचा, माइक मात्र खोलीत एकच चालू. नाहीतर घरचा माणूस तासभर नुसतं आपलं हसणं ऐकत बसतो.

गुरुवारची गर्दी अजून पुरती आटोक्यात नाही. त्या दिवशी मी स्वतः घरून काम करते, तेवढीच एक खुर्ची मोकळी. सोसायटीचा जनरेटर लिफ्टपुरताच आहे, म्हणून लॅपटॉप बुधवारी रात्रीच चार्जिंगला लावते आणि बादल्याही भरून ठेवते.