अद्भुतकथेतला खलनायक कसा घडवावा आणि त्याला नाव कसं द्यावं

अद्भुतकथा लिहायला बसलेला नवा लेखक बहुतेक वेळा खलनायकाच्या नावापासून सुरुवात करतो. झोर्गा, ड्रेकॉन, तमासुर असं काहीतरी कानाला भयंकर लागणारं सुचतं आणि मग त्या नावाला साजेसा राक्षस शोधणं सुरू होतं. इथेच गाडी अडते. खलनायकाला नाव कुणीतरी ठेवलेलं असतं: भ्यायलेल्यांनी, हरलेल्यांनी किंवा जिंकून आलेल्यांनी. म्हणून आधी त्याचं कृत्य ठरवा, मग ते कोण सांगतंय ते, आणि नाव सगळ्यात शेवटी.

साहित्य फार लागत नाही. एक वही, एक मराठी आणि एक संस्कृत शब्दकोश, आणि इथली बरीच उदाहरणं खान्देशातली असल्याने, शक्य असेल तर 1880 सालचं खान्देशचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ. ते इंग्रज सरकारने लिहून घेतलेलं आहे, हे वाचताना एका पानावरही विसरू नका.

पायरी 1: तो काय घेतो, ते मोजून लिहा

एरंडोल म्हणजेच महाभारतातली एकचक्रा नगरी, असं खान्देशात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. जवळच्या पद्मालयाच्या रानात भीमकुंड दाखवतात आणि बकासुराची गोष्ट तिथेच घडली म्हणतात. ही गोष्ट आदिपर्वात नीट वाचा, कारण खलनायक कसा रचावा याचा इतका चांगला धडा सहसा सापडत नाही. बकासुराची मागणी ठरलेली आहे: गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस. घरांची पाळी लावलेली आहे. आणि या मागणीला मूळ श्लोकात शब्द आहे ‘वेतन’. तिथला राजा दुबळा, प्रजेचं रक्षण करू न शकणारा. परचक्रापासून नगरी राखतो तो हा राक्षसच, आणि त्याचा तो मोबदला घेतो. भीती वाटते ती या हिशेबाची. दात आणि नखं नंतर येतात. नावही बघा: बक म्हणजे बगळा. पाण्यात एका पायावर निश्चल उभा राहणारा, आणि मासा टप्प्यात आला की क्षणात चोच मारणारा.

वहीत तीन ओळी लिहा: काय घेतो, किती घेतो, कधी घेतो. चौथी ओळ लोक ते का देतात याची. चौथी ओळ रिकामी राहिली तर खलनायक नुसता ओरडत फिरतो आणि पन्नास पानांत वाचक कंटाळतो.

नमुन्यासाठी एक पात्र घेऊ. तापीच्या डोहात राहणारा एक जण दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, प्रत्येक गावातून एका माणसाचा आवाज नेतो. झोक्यावर गाणी म्हणायला माहेरवाशिणी जमतात, आणि त्यातली एक जण कडव्याच्या मध्येच मुकी होते. बदल्यात डोह उन्हाळाभर आटत नाही. लोक का देतात, ते लगेच कळतं.

पायरी 2: इतिहासातून युक्ती घ्या, माणसं घेऊ नका

असीरगडाची हकिगत फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. खान्देशच्या फारुकी घराण्यातल्या नासिरखानाने किल्ल्याचा धनी आसा अहिर याच्याकडे आपल्या बायकामुलांसाठी आसरा मागितला. आधी डोल्यांमधून खरोखरच बायका आल्या. नंतरच्या डोल्यांत सैनिक होते. स्वागताला पुढे आलेला आसा मुलांसह मारला गेला. फरिश्ता हे लिहितो तेव्हा घटनेला सुमारे दोनशे वर्षं उलटली होती, तेव्हा यातलं खरं किती आणि रंगवलेलं किती हा प्रश्न राहतोच. पण लेखकाला हवी असते ती युक्तीची रचना: आधीची डोली खरी असते, म्हणून नंतरच्या डोलीची झडती कुणी घेत नाही.

रचना उचला आणि काळ, वेश, धर्म, जात, घराणं हे सगळं बदला. न बदलता लिहिलंत तर अद्भुतकथा उरत नाही, आजच्या भांडणात टाकलेलं तेल होतं.

पायरी 3: हकिगत दोन्ही तोंडांनी ऐका

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. तापीकाठच्या थाळनेरला 27 फेब्रुवारी 1818 रोजी सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने किल्ला घेतला. मंदसोरच्या तहानंतर हा मुलूख होळकरांनी सोडलेला होता, म्हणून लढणारे किल्लेकरी इंग्रजांच्या लेखी बंडखोर. शरणागतीच्या गोंधळात दरवाजापाशी इंग्रज अधिकारी मारले गेले. मग शिबंदी कापून काढली गेली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिलं. त्या फाशीबद्दल पुढे इंग्लंडच्या संसदेतही प्रश्न उठला. यातला खलनायक कोण? हिस्लॉपच्या छावणीत एक उत्तर मिळेल, थाळनेरच्या वेशीत दुसरं. तुमच्या वहीत दोन्ही हवीत, प्रत्येकी अर्धं पान.

जगातल्या सर्वात प्रसिद्ध रक्तपिपासू सरदाराचं नावही असंच घडलं. आजच्या रोमेनियातल्या वालाचियाचा राजा दुसरा व्लाद 1431 मध्ये ‘ड्रॅगन’ नावाच्या सरदारमंडळात दाखल झाला, म्हणून त्याला ड्राकुल म्हणू लागले आणि त्याच्या मुलाला ड्राक्युला, म्हणजे ड्राकुलचा पोर. मानाचंच नाव! पण रोमेनियन भाषेत ड्राकुलचा अर्थ सैतान असाही होतो. मुलाच्या क्रौर्याच्या गोष्टी जर्मन पत्रकांतून छापून पसरल्या, आणि त्यामागे त्याच्याशी वैर असलेले ट्रान्सिल्व्हेनियाचे सॅक्सन व्यापारी होते. ‘ड्राक्युला’ कादंबरी लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरला हे नाव 1890 मध्ये व्हिटबीच्या वाचनालयातल्या एका पुस्तकात सापडलं. तोवर त्याच्या टिपणांत खलनायक होता काउंट वॅम्पायर. ते नाव छापलं गेलं असतं तर पहिल्याच पानावर सगळं उघड झालं असतं.

पायरी 4: दोन नावं ठेवा

एक आईबापांनी ठेवलेलं, एक लोकांनी. दुर्योधन म्हणजे ज्याच्याशी लढणं कठीण असा. सुयोधन हेही त्याचंच नाव. ‘असुर’ शब्दाचा प्रवास तर याहून लांबचा: ऋग्वेदात वरुणालाही असुर म्हटलं आहे, पुढे तोच शब्द देवांच्या शत्रूंचा झाला. इराणी परंपरेत बरोबर उलटं घडलं, तिथे अहुर पूज्य आणि दएव दुष्ट. शब्द तोच, बाजू बदलली.

आपल्या डोहवाल्याचं जन्मनाव ठेवू सुघोष, गोड गळ्याचा. लोक म्हणतात काळघोष. सुघोषचा काळघोष कसा झाला, हे कादंबरीच्या मध्यावर उलगडलं की अर्धी कथा त्या एका शब्दात मावते.

पायरी 5: नाव विभक्तीत आणि अहिराणीत घालून बघा

ने, ला, चा लावून मोठ्याने म्हणा. काळघोषाने, काळघोषाला, काळघोषाचा: भीती टिकते. आता झोर्गा घ्या. झोर्ग्याने म्हटलं की तो गण्या-पक्याच्या रांगेत जाऊन बसतो. आकारान्त परकी नावं मराठीत इथेच फसतात. घ, ध, भ यांनी वजन येतं, पण जोडाक्षर एकच पुरे. तीन-चार अक्षरांपुढे गेलात तर वाचक मनातल्या मनात नाव गाळून पुढे जातो.

अहिराणी या खान्देशच्या बोलीत ळ चा य होतो. डोळा डोया, जळगाव जयगाव, तसा काळघोष कायघोष. संवादात हे रूप जरूर वापरा, पण मूळ नाव वाचकाच्या डोळ्यांखालून दोन-तीनदा गेल्यावर. आधीच आणलं तर ते ‘काय?’ असा प्रश्न वाटतं.

पायरी 6: नाव कुणाला लागतंय का ते तपासा

राक्षसाच्या टोळीला जिवंत जमातीचं, आडनावाचं, कुळाचं किंवा गावाचं नाव कधीही देऊ नका. 1857-58 मध्ये सातपुड्यात इंग्रजांशी लढलेले खाज्या नाईक सरकारी दप्तरात दरोडेखोर आहेत आणि डोंगरात वीर आहेत. दप्तरातला शब्द उचलून कथेत ठेवला तर दप्तराचीच बाजू घेतल्यासारखं होतं. दैवतांबाबतही तेच. सप्तशृंगीच्या पायथ्याशी महिषासुराच्या शिराची पूजा होते, आणि चैत्रात खान्देशातून पायी जाणारे तिथेही हात जोडून मगच पायऱ्या चढतात. म्हणून ठरवलेलं नाव जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या एकेका जाणत्या माणसाला ऐकवा. अर्थ सांगू नका. ऐकून त्यांना आधी कोण आठवलं, तेवढं विचारा आणि वहीत टिपून ठेवा.