वजनं घरी ओता, स्टँड मात्र वेल्डरकडून

घरच्या घरी वजनं उचलायची जिम उभारायची असेल तर खरेदीच्या आधी मोजपट्टी काढा. सहा फुटी दांड्याला वजनं चढवायला-उतरवायला निदान नऊ फूट रुंद जागा लागते, आणि पुण्यातल्या टू बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा हलवल्याशिवाय ती निघत नाही. गच्ची वापरायची असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी विचारून ठेवा, सिमेंट कालवायला बसल्यावर नव्हे. घरातच करणार असाल तर भारतीय मानकांनुसार राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून काढलेला असतो. वजन ठेवल्याने बिघडत नाही, आपटल्याने बिघडतं. आणि स्लॅबच्या आधी खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. गोठ्यात गाईंच्या पायाखाली घालतात ती जाड रबरी मॅट यासाठी उत्तम.

पैसे कुठे वाचवायचे हे एकदाच ठरवून टाका. जमिनीवरून उचलायचं वजन कशाचंही चालतं; पेठांतल्या तालमींमध्ये दगडी नाल आणि लाकडी मुद्गल फिरवून पैलवान तयार झालेच की. पण जे छातीवर किंवा डोक्यावर येणार, त्यात काटकसर नको.

सुरुवात वाळूच्या पिशवीने करा. सध्या नदीची वाळू महाग, त्यामुळे क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, आणा, उन्हात कोरडी करा, पाच-पाच किलोच्या दुहेरी प्लॅस्टिक पिशव्यांत भरून चिकटपट्टीने बंद करा आणि जुन्या दणकट सॅकमध्ये घाला. वजन वाढवायचं तर पिशवी वाढवायची, एवढंच.

आता प्लेट, म्हणजे दांड्याच्या टोकांना चढवायची गोल चकती. हेच खरं काम. काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे 2400 किलो भरतं, म्हणजे 30 सेंटिमीटर व्यासाची आणि 6 सेंटिमीटर जाडीची चकती जवळपास 10 किलोची होते. साचा म्हणून तेवढ्या तळाचा प्लॅस्टिकचा टब घ्या आणि आतून जुनं इंजिन ऑइल पुसा. दांडा सहज सरकेल असा पीव्हीसी पाइपचा तुकडा बरोब्बर मध्यावर उभा करा. मध्य चुकला तर प्लेट दांड्यावर डुगडुगते. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, तीन भाग बारीक खडी. पाणी बेताचं, कारण पातळ केलेला माल कमकुवत होतो. माल अर्धा ओतला की कोंबडी जाळीचा गोल तुकडा ठेवा, मग उरलेला ओता. दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून किमान सात दिवस ओल्या गोणपाटात ठेवा. एप्रिलच्या उन्हात दिवसातून तीन-चारदा पाणी मारावं लागतं, तेव्हा हे काम पावसाळ्यात केलेलं बरं. पूर्ण ताकद यायला 28 दिवस लागतात, तोवर धीर धरा. कडांना सायकलची जुनी ट्यूब चिकटवली तर टवके उडत नाहीत.

स्पर्धेतली मोठी प्लेट 45 सेंटिमीटर व्यासाची असते, त्यामुळे दांडा जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. आपल्या प्लेटवर तो पंधराच सेंटिमीटरवर येतो आणि डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून दांडा उचलून उभं राहताना, कंबर जास्त वाकते. टिंबर मार्केटमधून तीन इंची ठोकळे आणून प्लेटांखाली सरकवा.

दांड्यासाठी बरेच जण एक इंची जीआय पाइप आणतात. त्याचा बाहेरचा व्यास 33 मिलिमीटरच्या पुढे जातो आणि घामेजल्या हातात तो टिकत नाही. स्पर्धेतल्या पुरुषांच्या बारची पकड 28 मिलिमीटरची असते. 25 मिलिमीटरचा भरीव ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत पोलादी सळई, घ्या. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162 केलं की मीटरचं वजन निघतं, म्हणजे इथे सुमारे 3.86 किलो आणि सहा फुटांना सात किलो. आतल्या बाजूला रिंगा वेल्ड करून घ्या, बाहेरून क्लॅम्प लावा. एकूण 80 किलोच्या पुढे गेलात की हा दांडा बाजूला ठेवून खरा बार विकत घ्या.

दांडा टेकवायचा स्टँड बरेच जण बादलीत काँक्रीट भरून, त्यात खांब रोवून बनवतात. तसं करू नका. बादलीचा तळ अरुंद, वजन वर, त्यामुळे धक्का लागला की कलंडतं. फॅब्रिकेटरकडे, म्हणजे वेल्डरकडे, 50 बाय 50 मिलिमीटरचा चौकोनी पाइप घेऊन जा आणि दोन्ही खांब खालून जोडून घ्या. बेंचवर आडवं झाल्यावर छातीच्या किंचित खाली येतील असे सेफ्टीचे आडवे पाइप मागा. घाई असेल तर फॅब्रिकेटर म्हणेल, ‘नाही लावलं तरी चालतं.’ चालत नाही. एकट्याने व्यायाम करणाऱ्याला दांडा उचलून द्यायला दुसरं कुणी नसतं. बेंच बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात मिळाला तर पाहा, पण पाय हलवून आणि त्यावर बसून मगच घ्या.

सगळं वाळल्यावर प्रत्येक प्लेट भंगारवाल्याच्या काट्यावर तोला आणि भरलेला आकडा रंगाने लिहा, कारण हाताने ओतलेल्या दोन प्लेटा सारख्या भरत नाहीत. नऊ किलो आठशे आणि दहा किलो दोनशेची जोडी एकाच दांड्यावर लावू नका. लोखंडाला रेड ऑक्साइड, म्हणजे गंजरोधक रंग, द्या. पहिल्या दिवशी स्टँडवर, उचलणार त्याच्या दीडपट वजन रात्रभर टांगून ठेवा आणि सकाळी वेल्डिंगला तडा गेलाय का ते टॉर्चने बघा.