एका ठिपक्याचे पाच ठिपके

एमएस्सीच्या प्रकल्पात मला जवळच्या एका दीर्घिकेतल्या तारकागुच्छांची वस्तुमानं काढायची होती. हबल अवकाश दुर्बिणीची चित्रं फुकट उतरवता येतात, खर्च फक्त इंटरनेटचा. नागपूरचा मे महिना, कूलरची घरघर, पडद्यावर एक पांढरा ठिपका. बाबा म्हणाले, "दोन तासांपासून तेच पाहून राहिला तू. आहे काय त्यात?"

तेच तर कळत नव्हतं. मी ठिपक्याभोवती ऐसपैस वर्तुळ काढून आतला सगळा प्रकाश मोजला आणि वस्तुमान भरमसाठ आलं. आठ दिवस मी खुशीत. मग गाईडनी वर्तुळ निम्मं करायला लावलं आणि आकडा धाडकन खाली! आजूबाजूच्या ताऱ्यांचा उजेड मी गुच्छाच्या खात्यात जमा केला होता. पार्श्वभूमीचा प्रकाश वजा करणं हे कंटाळवाणं काम आहे, पण या विषयातली निम्मी भांडणं तिथेच होतात.

दूरच्या दीर्घिकांत तर ही अडचण शंभरपट. 2024 मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने 'कॉस्मिक जेम्स' नावाच्या, कमानीसारख्या ताणलेल्या दिसणाऱ्या दीर्घिकेत पाच तारकागुच्छ सुटे दाखवले. महास्फोटानंतर जेमतेम 46 कोटी वर्षांनी निघालेला तो प्रकाश. वाटेतल्या दीर्घिकासमूहाने आपल्या गुरुत्वाने तो प्रकाश वाकवून गुरुत्वीय भिंगाचं काम केलं नसतं, म्हणजे चित्र मोठं केलं नसतं, तर पाचही एकाच डागात विरघळले असते. एकेकाची त्रिज्या साधारण एक पारसेक (सव्वातीन प्रकाशवर्षं), वस्तुमान सुमारे दहा लाख सूर्यांएवढं. आपल्या कृत्तिकेत तारे असतात हजारभर!

एवढे दाट गुच्छ तेव्हा का जमले? तरुण दीर्घिकांत वायू ठासून भरलेला, दाब जबर, म्हणून ढग दाट आणि कोसळतातही लवकर. पुढे शर्यत लागते. मोठे तारे पेटले की त्यांचं प्रारण आणि वारे उरलेल्या वायूला हुसकायला लागतात. 30-40 लाख वर्षांत मोठे तारे अतिनवतारे (सुपरनोव्हा) होऊन फुटूही लागतात. तोवर बराचसा वायू ताऱ्यांत जिरला असेल तर गुच्छ टिकतो. नसेल, तर वायूबरोबर बांधून ठेवणारं वजनही जातं आणि तारे पांगतात.

या विषयात यायचं असेल, तर पायथन ही संगणकभाषा बीएस्सीलाच शिका. मी उशिरा शिकलो, सहा महिने त्यातच गेले. जॅम, जेस्ट या प्रवेश परीक्षांची तयारी करताना पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या उन्हाळी कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, हे घरी आधीच सांगून टाका.

आणि असा टिकून राहिलेला एखादा जुना, दाट गुच्छ डोळ्यांनी बघाच. मेच्या मध्यावर रात्री दहाला ओमेगा सेंटॉरी दक्षिणेला असतो, क्षितिजापासून जेमतेम 21 अंशांवर. शहराच्या उजेडात तो दिसत नाही, म्हणून आम्ही रामटेककडे गेलो. एक कोटीच्या आसपास तारे, द्विनेत्रीतून मात्र पुसट कापूस. बाबांनी आधी रुमालाने काच पुसली.