अळी उलटी पडली म्हणजे मेली नाही: पायरेथ्रॉइड कसं फवारावं

हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा, स्वच्छ पंप हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. मात्रा लेबलवरची घ्या, शेजाऱ्याची नको. सायपरमेथ्रिन हे पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक 10 टक्के आणि 25 टक्के असं दोन्ही मिळतं. 25 च्या बाटलीला 10 चं माप लावलं की अडीचपट औषध गेलंच!

फवारा उन्हं कलल्यावर. तोवर मधमाश्या फुलांवरून गेलेल्या असतात, आणि ही औषधं उन्हापेक्षा गारव्यात जास्त चालतात. पंप धुतलेलं पाणी ओढ्या-तळ्यात ओतू नका, मासे मरतात. ही औषधं आंतरप्रवाही नाहीत, म्हणजे झाडात शिरून पसरत नाहीत, थेंब पडेल तिथेच काम. त्यामुळे पानाची खालची बाजू भिजलीच पाहिजे.

इथपर्यंत सोपं. मी फसलो ते फवारणीनंतर.

पायरेथ्रॉइड किडीच्या मज्जातंतूंवर घाव घालतं. अळी पिळवटते, तडफडते, खाली पडते. ते पाहून मी खुशीत घरी गेलो. तिसऱ्या दिवशी कपाशीच्या पात्यांवर (कळ्यांवर) ताजी, ओली विष्ठा! पडलेल्यांपैकी काही अळ्या औषध पचवून पुन्हा वर चढल्या होत्या. मी काय केलं? तेच औषध, दुप्पट मात्रेनं. मग तिसऱ्यांदा. थोड्याच दिवसांत पानं चिकट झाली, झाड हलवलं की पांढऱ्या माशीचा धुरळा उठायचा. तिला खाणारे मित्रकीटक मीच मारून टाकले होते. ‘फरक पडला नाही तर डोस वाढवा’ असं सांगणाऱ्याचं तेव्हापासून मी ऐकत नाही.

आता फवारणीआधी शेतभर विखुरलेल्या वीस झाडांना चिंधी बांधतो, जिवंत अळ्या मोजतो, लहान-मोठ्या वेगळ्या, आणि आकडे वहीत लिहितो. तिसऱ्या दिवशी तीच झाडं पुन्हा. लहान मेल्या, मोठ्या राहिल्या तर मला उशीर झाला. वरच्या मेल्या, आतल्या फांद्यांवरच्या राहिल्या तर थेंब आत पोचला नाही. नोझल बघा, चाल कमी करा. नीट भिजलेल्या पानावर लहानसुद्धा मजेत खात असतील, तर किडीत प्रतिकारशक्ती आली आहे असा माझा पहिला संशय. तिथे बाटली बदलून भागत नाही. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिन, फेनव्हॅलरेट ही सगळी 3ए या एकाच गटातली भावंडं, म्हणजे किडीवर एकाच पद्धतीनं काम करणारी. गटच बदला.

निकाल चांगला आला तरी लागोपाठ दुसरी फवारणी पायरेथ्रॉइडची नको. आणि पांढरी माशी किंवा लाल कोळी आधीच दिसत असेल, तर अळीसाठीसुद्धा मी हे औषध हातात घेत नाही.

चेहऱ्यावर मुंग्या आल्या, चुरचुरलं तर चोळू नका, साबण-पाण्यानं धुवा. काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर असतं. ती तारीख त्याच वहीत, अळ्यांच्या आकड्यांखाली लिहा.