दोन-चार गाड्यांच्या मालकांनी चालकांची दारू-नशा तपासणी गट करून कशी चालवावी

चाकण, रांजणगाव, तळेगावच्या बऱ्याच कारखान्यांच्या गेटवर आता गाडी आत घेण्याआधी ड्रायव्हरला मशीनमध्ये फुंकावं लागतं. आकडा दिसला की गाडी परत, ड्रायव्हरचं नाव गेटच्या वहीत, आणि पाच मिनिटांत मालकाला फोन. हे एकदा झालं की मालक स्वतः एक मशीन विकत आणतो, मुनिमाच्या टेबलावर ठेवतो, आणि महिन्याभरात ते ड्रॉवरमध्ये जातं. बिघाड मशीनमध्ये नसतो. चार ड्रायव्हरांपैकी आज कोणी फुंकायचं हे मालकच ठरवतो, आणि त्यातल्याच एकावर उद्याचं भाडं अडलेलं असतं. ज्या दिवशी तपासणीची खरी गरज, नेमकी त्याच दिवशी ती राहून जाते.

अमेरिकेतल्या नियमांनी यावर सोपा उपाय काढला आहे. ज्याचा एकच ट्रक आहे आणि जो तो स्वतःच चालवतो, त्याला तिथे तपासणी कोणाची करायची याची चिठ्ठी स्वतः काढता येत नाही. अनेक ट्रकवाल्यांच्या सामायिक यादीत त्याला नाव घालावंच लागतं आणि चिठ्ठी बाहेरचा माणूस काढतो. आपल्याकडे अशी सक्ती नाही, पण युक्ती उचलण्यासारखी आहे. निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत शेजारीशेजारी ऑफिसं असलेले सहा-सात मालक एकत्र आले की ३० ते ३५ ड्रायव्हरांची यादी सहज होते, आणि तेवढी पुरते.

आधी कायदा, थोडक्यात

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. गांजा, अफू वगैरेंसाठी कायद्यात असा आकडा नाही. गाडीवर ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल होता का, हे तिथे पाहतात. मालकांनी कलम १८८ ही वाचून ठेवावं. कलम १८५ च्या गुन्ह्याला चिथावणी किंवा साथ देणाऱ्याला तीच शिक्षा आहे. ‘घेतलीय थोडी, पण जाईल तो नीट’ असं म्हणून किल्ली देणाऱ्याला हे कलम लागू शकतं.

आपली तपासणी ही नोकरीतली तपासणी आहे, पोलिसांची नव्हे. तिच्या जोरावर कोणाला शिक्षा होत नाही, फक्त गाडी हातात द्यायची की नाही एवढंच ठरतं. हे पहिल्या बैठकीत ड्रायव्हरांसमोर स्पष्ट सांगावं. अर्धा विरोध तिथेच मावळतो.

गटात नाव कसं घालायचं

प्रत्येक मालकाने आपल्या ड्रायव्हरांची यादी द्यायची: पूर्ण नाव, लायसन्स क्रमांक, मोबाईल, नेहमीचा रूट. मालक स्वतः कधीमधी गाडी चालवत असेल तर त्याचंही नाव यादीत हवं. रात्री घाट उतरल्यावर क्लीनरच्या हातात स्टिअरिंग देण्याची पद्धत असेल, तर क्लीनरचंही. (लायसन्स नसलेल्या क्लीनरला गाडी देणं हा वेगळाच गुन्हा आहे, तो या गटाने सुटत नाही.)

मग संमतीपत्र. ते मराठी आणि हिंदी दोन्हींत छापावं, कारण निम्मे ड्रायव्हर उत्तरेकडचे असतात. त्यात चार गोष्टी नावानिशी हव्यात: कशाकशाची तपासणी होईल, निकाल कोणाला कळेल, पॉझिटिव्ह आल्यास काय होईल, आणि नकार दिल्यास काय होईल. ‘कंपनीच्या नियमांप्रमाणे कारवाई’ एवढंच लिहून भागत नाही. ते वाक्य कुठल्याही चौकशीत टिकत नाही. सही घेण्याआधी मजकूर वाचून दाखवावा आणि एक प्रत ड्रायव्हरला द्यावी.

गटाने एक बाहेरचा डॉक्टर आणि एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली एक प्रयोगशाळा ठरवावी. चिठ्ठी डॉक्टरच्या दवाखान्यात निघते, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नाही. खर्चाची वाटणी गाड्यांवर नको, यादीतल्या डोक्यांवर असावी. नाहीतर एका गाडीवर दोन ड्रायव्हर ठेवणारा फायद्यात राहतो आणि तिसऱ्या महिन्यात भांडण होतं.

चिठ्ठी

अमेरिकेत नशेच्या पदार्थांसाठी वर्षभरात यादीच्या ५० टक्के आणि दारूसाठी १० टक्के इतक्या तपासण्या चिठ्ठीने कराव्या लागतात. आपल्याकडे दारूचं मशीन रोज हाताशी असतं, म्हणून दारूची तपासणी प्रत्येक ट्रिपला आणि नशेच्या पदार्थांसाठी लघवीची तपासणी चिठ्ठीने, असं ठेवावं. ३२ ड्रायव्हर असतील तर वर्षाला १६ चिठ्ठ्या, म्हणजे तिमाहीला ४. त्या चारही एकाच सोमवारी काढू नयेत, वेगवेगळ्या दिवशी काढाव्यात.

सगळ्यात जास्त होणारी चूक: निघालेली चिठ्ठी बाजूला ठेवणं. मग ज्याचं नाव जानेवारीत निघालं तो डिसेंबरपर्यंत निर्धास्त. चिठ्ठी प्रत्येक वेळी परत डब्यात गेली पाहिजे. एकाच ड्रायव्हरचं नाव लागोपाठ दोनदा निघालं तर तो चिडणार. चिडू द्यावं, डब्यासमोर उभं करून सगळ्या चिठ्ठ्या मोजून दाखवाव्यात.

नाव निघाल्यावर ड्रायव्हरला आदल्या संध्याकाळी सांगायचं नाही. गाडी रिकामी होऊन उभी असताना सांगायचं आणि तिथूनच दवाखान्यात न्यायचं. तो चेन्नईच्या वाटेवर असेल तर चिठ्ठी पाकिटात बंद करून परत येईपर्यंत डॉक्टरकडे ठेवावी. मालकालाही नाव कळू देऊ नये, कारण मालकाचा फोन ड्रायव्हरच्या आधी क्लीनरला जातो.

फुंकायचं मशीन

फ्युएल सेल सेन्सरचं मशीन घ्यावं, ते मुख्यतः अल्कोहोललाच आकडा दाखवतं. स्वस्तातलं सेमीकंडक्टर सेन्सरचं मशीन सिगारेटचा धूर, थिनरचा वास यांनीही आकडा दाखवतं, आणि ट्रान्सपोर्ट नगरीत थिनरला तोटा नाही. कॅलिब्रेशन बनवणाऱ्याने सांगितलेल्या मुदतीत करावं, त्याचं स्टिकर मशीनच्या पाठीवर आणि प्रमाणपत्र फाइलमध्ये. मुदत टळलेल्या मशीनच्या आकड्यावर कोणाचा रोज कापू नये.

तपासणीची रीत अशी. ड्रायव्हर आल्यावर त्याला तोंडातली तंबाखू, मावा, पान थुंकायला लावून साध्या पाण्याने चूळ भरायला सांगावं. मग १५ मिनिटं काही खायचं नाही, प्यायचं नाही, ओढायचं नाही. ही १५ मिनिटं कोणी पाळत नाही आणि सगळे वाद इथेच होतात. माउथवॉश, खोकल्याचं औषध किंवा दशमूलारिष्टासारखं आसव-अरिष्ट नुकतंच घेतलं असेल तर तोंडातलं अल्कोहोल मोठा आकडा दाखवतं, पण ते १५ मिनिटांत उडून जातं. मशीन धरणाऱ्याने हाताला सॅनिटायझर चोळून लगेच मशीन उचलू नये.

नवीन माउथपीस ड्रायव्हरसमोर पाकिटातून काढावा. आधी मशीन शून्य दाखवतंय हे त्याला दाखवावं. मग एका दमात, मशीनचा आवाज थांबेपर्यंत फुंकायला लावावं. गाल फुगवून ओठांच्या कडेने हवा सोडणारे पुष्कळ. मशीन तेव्हा बहुधा एरर देतं. तीन वेळा एरर आला तर तो नकार धरायचा, हे संमतीपत्रात आधीच लिहिलेलं असावं.

आकडा आला तर आणखी १५ मिनिटं थांबून पुन्हा फुंकायला लावावं, आणि निकाल दुसऱ्या आकड्यावर ठरवावा. दोन्ही आकडे, वेळा, मशीनचा क्रमांक आणि ड्रायव्हरची सही वहीत हवी. महिनाभर एकाच पेनने, एकाच अक्षरात शून्य-शून्य लिहिलेली वही दिसली की समजावं, मशीन ड्रॉवरमध्ये आहे. आणि फुंकणाऱ्याचं तोंड लायसन्सवरच्या फोटोशी ताडून पाहावं. पहाटे अंधारात ड्रायव्हरऐवजी क्लीनरने फुंकून जाणं नवीन नाही.

कायद्याची मर्यादा ३० असली तरी गटाची मर्यादा शून्य ठेवावी, कारण गेटवर बहुतेक ठिकाणी शून्यच चालतं. ‘रात्री घेतली होती साहेब, आता सकाळ झाली’ हे उत्तर रोज ऐकू येतं आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. हिशोब करून दाखवावा. १८० मिलिलिटरची क्वार्टर, तीव्रता ४२.८ टक्के, म्हणजे साधारण ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ६५ किलोच्या माणसाच्या रक्तात ते १०० मिलिलिटरला १४० मिलिग्रॅमच्या आसपास जातं. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं. रात्री ११ ला संपवलेली क्वार्टर सकाळी ६ ला अजून ३० च्या वर असू शकते, आणि शून्याला यायला सकाळचे ८-९ वाजतात. लिंबू, ताक, थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. हा हिशोब मोठ्या अक्षरात लिहून ऑफिसच्या भिंतीवर लावला, तर पहाटेची गाडी असलेले ड्रायव्हर आदल्या रात्री स्वतःच मोजायला लागतात.

लघवीची तपासणी

ट्रकवाल्यांसाठीच्या किटमध्ये गांजा, अफूवर्गीय पदार्थ, ॲम्फेटामाइन (जागं ठेवणारी नशा) आणि बेन्झोडायझेपाइन (झोपेच्या गोळ्यांतलं औषध) या पट्ट्या हव्यातच. ट्रामाडॉल या वेदनाशामक गोळीची पट्टी वेगळी मागून घ्यावी. ते अफूच्या नेहमीच्या पट्टीवर दिसत नाही.

नमुना कसा घेतला, यावर निम्मं अवलंबून आहे. नमुन्यात पाणी मिसळता येऊ नये म्हणून संडासातली बादली आणि टमरेल बाहेर काढावं, नळाचा आणि जेटचा कॉक बाहेरून बंद करावा, फ्लशच्या टाकीत थोडी नीळ टाकावी. ड्रायव्हरचं जॅकेट आणि पिशवी बाहेर, खिसे रिकामे. तो एकटाच आत जातो, दार लोटलेलं. कप हातात आल्यावर ४ मिनिटांच्या आत कपावरच्या पट्टीवर तापमान पाहायचं. ते ३२ ते ३८ अंशांमध्ये हवं. बाटलीतून आणलेली लघवी इथेच पकडली जाते. निदान ४५ मिलिलिटर घेऊन ती दोन बाटल्यांत, ३० आणि १५ अशी, ड्रायव्हरसमोर सील करावी आणि सीलवर त्याची सही घ्यावी. दुसरी बाटली त्याच्यासाठी राखीव. निकाल मान्य नसेल तर तो ती दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घेऊ शकतो.

लघवी होतच नसेल तर ओरडू नये. ३ तासांत सव्वा लिटरपर्यंत पाणी थोडं थोडं द्यावं. एकदम दोन लिटर पाजलं तर नमुना पाण्यासारखा पातळ होतो आणि फुकट जातो.

पट्टी वाचताना घोटाळा ठरलेला. करोनाच्या किटमध्ये दुसरी रेघ आली की पॉझिटिव्ह, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. इथे उलट आहे. रेघ उमटली म्हणजे निगेटिव्ह, अगदी फिकट असली तरी. रेघ आलीच नाही तर पॉझिटिव्ह. वाचायची वेळ किटवर छापलेली असते. अर्ध्या तासाने कचऱ्यातून उचलून वाचलेल्या पट्टीला अर्थ नाही.

किटवर पॉझिटिव्ह म्हणजे फक्त संशय. प्रयोगशाळेतली जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस (नेमका पदार्थ ओळखणारी) तपासणी आल्याशिवाय निकाल लिहू नये. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध अफूची पट्टी पॉझिटिव्ह करतं. खसखसही करू शकते, आणि दिवाळीत अनारशांवर खसखस भरपूर असते. याच कारणाने अमेरिकेत अफूवर्गीय पदार्थांची मर्यादा १९९८ मध्ये ३०० वरून २,००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर केली. आपल्याकडे किट घेताना पाकिटावर ३०० आहे की २,००० हे बघून घ्यावं. होळीची भांग मात्र गांजाच्या पट्टीवर खरोखरच पॉझिटिव्ह येते, तिथे सण हा बचाव नाही. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत तो सोडल्यावरही कित्येक आठवडे दिसतो. त्यामुळे ही पट्टी ‘आज नशेत होता’ असं सांगत नाही, ‘ओढतो’ एवढंच सांगते.

औषधांची चौकशी डॉक्टरने ड्रायव्हरकडे एकट्याने करावी. झोपेची गोळी कोणी लिहून दिली, कशासाठी, हे मालकाला कळायचं कारण नाही. मालकाकडे फक्त ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ जावं, आणि तेही मालकाच्या नंबरवर. गटाच्या व्हॉट्सॲपवर निकाल टाकला तर तिथेच गट संपला.

अनफिट आल्यावर

त्या दिवशी गाडी नाही, किल्ली ऑफिसात. घरी जायला रिक्षाचे पैसे मालकाने द्यावेत. ड्रायव्हरला बाइकवरून पाठवणं म्हणजे तोच धोका रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवणं. कामावरून काढायचं असेल तर लेखी आरोप, उत्तराची संधी आणि चौकशी हे टप्पे टाळता येत नाहीत.

पण पहिल्याच वेळी काढून टाकणं आम्हाला चुकीचं वाटतं. तो शेजारच्या गल्लीत दुसऱ्या मालकाकडे लागतो आणि बोरघाट तोच उतरतो. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे. उपचाराला स्वतःहून जाणाऱ्या व्यसनी माणसाला अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४अ खाली सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. हे ड्रायव्हरला आवर्जून सांगावं, कारण पोलिसांच्या भीतीनेच बरेच जण केंद्राच्या पायरीवरून परत फिरतात.

आणि मालकाने आपल्या वेळापत्रकाकडे बघावं. पुणे ते चेन्नई सुमारे १,२०० किलोमीटर. भरल्या गाडीची सरासरी ताशी ४० धरली तर नुसतं चाक ३० तास फिरतं. एकटा ड्रायव्हर देऊन दोन दिवसांच्या आत पोहोच मागितली, की डोडा (अफूच्या बोंडांचा चुरा) आणि जागं राहायच्या गोळ्या कुठून येतात हे विचारायचा हक्क मालकाला राहत नाही.

उपचार करून परत आलेल्या ड्रायव्हरला आधी एक निगेटिव्ह तपासणी, मगच गाडी. त्यानंतर पहिल्या १२ महिन्यांत न सांगता निदान ६ तपासण्या, अमेरिकेतल्या नियमाप्रमाणेच. त्यांच्या तारखा डॉक्टरने ठरवायच्या आणि त्या चिठ्ठीच्या हिशोबात धरायच्या नाहीत. त्याची चिठ्ठी बाकीच्यांबरोबर डब्यात असतेच.