तुरुंग कशासाठी? कर्मचाऱ्यांचं खरं मत काढून घेताना

तुरुंगात नोकरी करणाऱ्याला ‘तुरुंग कशासाठी?’ असं थेट विचारलं तर बहुधा पाठ केलेलं उत्तर मिळतं: सुधारणेसाठी. कैद्यांना कसं वागवावं याविषयीच्या, संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतला चौथा नियमही समाजाचं रक्षण आणि पुन्हा गुन्हा घडू न देणं हाच हेतू सांगतो. प्रश्नावली अशी हवी, की पाठांतर कामी येऊ नये.

हेतू चार धरा: केल्याची शिक्षा, जरब, समाजापासून दूर ठेवणं आणि सुधारणा. प्रत्येकी पाच विधानं, उत्तरं ‘अजिबात पटत नाही’पासून ‘पूर्ण पटतं’पर्यंत पाच पायऱ्यांत. काही विधानं मुद्दाम उलटी लिहा, म्हणजे तो हेतू मानणाऱ्याला ‘पटत नाही’वर खूण करावी लागेल अशी. नाहीतर ड्युटीवरून दमून आलेला माणूस एकाच रकान्यात खुणा करत सुटतो. ‘कैद्यांना शिस्त लागली पाहिजे’ हे विधान तर नकोच. पहाऱ्यावरचा शिपाई ते शिक्षा म्हणून वाचतो, तुरुंगातला शिक्षक सुधारणा म्हणून, आणि दोघंही ‘पूर्ण पटतं’वर खूण करतात. त्यापेक्षा ‘झडतीसाठी चालू वर्ग मध्येच थांबवायला हरकत नाही’ असं रोजच्या कामातलं लिहा.

तरीही बरेच जण चारही हेतूंना मान डोलावतात. म्हणून शेवटी १०० गुण चार हेतूंत वाटायला सांगा. एकाला जास्त द्यायचे तर दुसऱ्याचे कापावे लागतात, कल तिथे उघडा पडतो. बेरीज चुकलेले कागद अंदाजाने दुरुस्त करू नका. या प्रश्नापुरते वगळा आणि किती वगळले ते नोंदवा.

मग हेच गुण ‘तुमचे सहकारी ते कसे वाटून देतील?’ म्हणून पुन्हा भरून घ्या. सहकारी आपल्यापेक्षा कडक आहेत, हा समज या नोकरीत वरचेवर आढळतो. मला विचाराल तर सगळ्या प्रश्नावलीत हाच प्रश्न सर्वांत जास्त देऊन जातो.

आधी दहा-पंधरा जणांवर चाचणी घ्या. कागद बंद पाकिटात, पेटीत. साहेबांच्या हाती नाही. रात्रपाळी विसरू नका. नोकरीची वर्षं गटांत विचारा, कारण पद, वय आणि विभाग जुळवले की माणूस ओळखू येतो. दहापेक्षा लहान गटाचे आकडे वेगळे छापू नका.

आकडेमोडीआधी उलट्या विधानांचे गुण फिरवून घ्या (५ चा १, ४ चा २). ते राहिलं तर क्रॉनबाख अल्फा, म्हणजे एका हेतूची विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, कोसळतो, कधी उणेही येतो, आणि चांगली विधानं विनाकारण काढली जातात. गुण फिरवूनही ०.७० च्या बराच खाली राहिला, तर दोष विधानांत शोधा. पहाऱ्यावरचे आणि शिक्षक-समुपदेशक यांची सरासरी वेगवेगळी काढा. एकत्र केलीत तर कोणाचंच नसलेलं मत हाती येतं.