पाटी नंतर लावा, आधी तिचं नाव तर शोधा

आपल्या भागातल्या विसरल्या गेलेल्या बायकांसाठी काहीतरी करूया असं कोणी म्हटलं की लगेच पुतळा नाहीतर पाटी, मग वर्गणी, मग उद्घाटनाला कोणाला बोलवायचं यावरून वाद, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय तिचं जन्मसाल कोणालाच माहीत नाही. म्हणून सांगतो, उलटीकडून सुरुवात करा.

पहिली अडचण नावाचीच येते. जुन्या कागदात बाई सापडते ती अमक्याची बायको, तमक्याच्या मातोश्री, नाहीतर ग्रुप फोटोखाली 'व इतर महिला' म्हणून. माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, लोक हाक मारायचे ते तिसरंच. ही सगळी नावं, स्पेलिंगच्या गोंधळासकट, एका कागदावर लिहा आणि प्रत्येक नावाने वेगळं शोधा. नवऱ्याच्या आणि भावाच्या नावानेही शोधा, कारण खूपदा त्याच्या मृत्युलेखात एका ओळीत ती असते.

शोधायचं कुठे, तर गौरवग्रंथात वेळ घालवू नका, तिथे असती तर आपल्याला हा उद्योग करावा लागला नसता. शाळेचं मस्टर, दवाखान्याचं जन्मनोंदीचं रजिस्टर (सुईणीचं नाव कधीकधी तिथेच असतं), संस्थांच्या सभांची इतिवृत्तं, देणगीदारांच्या याद्या, खरेदीखतं, मृत्युपत्रं हे बघा. आणि कोर्टाचे कागद तर नक्कीच, कारण कित्येक बायका भांडल्या तेव्हाच कागदावर आल्या.

मग माणसांकडे जा. "तुमच्याकडे कोणी थोर बाई होऊन गेली का?" असं विचारलंत तर हमखास "नाही हो" हेच ऐकायला मिळतं. त्यापेक्षा बाळंतपणं कोण करायचं, मुलींना पहिल्यांदा कोणी शिकवलं, संपात घरं कोणी चालवली, पत्र वाचून घ्यायला लोक कोणाकडे जायचे असं विचारा, मग बघा आजी लोक कसे सुटतात! रेकॉर्डिंगची परवानगी आधीच घ्या आणि ते कुठे वापरणार तेही सांगा. जुना फोटो दाखवला तर मागच्या बाजूचाही फोटो काढा, नावं तारखा तिथेच असतात, हे मी एकदा विसरलो आणि परत जाईपर्यंत तो अल्बम कोणाकडे गेला ते घरच्यांनाही सांगता येईना.

पडताळणीत एक फसगत नेहमी होते. घरच्यांनी सांगितलेली गोष्ट आणि पेपरात छापून आलेली तीच गोष्ट हे दोन पुरावे वाटतात, पण पत्रकाराला घरच्यांनीच सांगितलेलं असतं, म्हणजे पुरावा एकच. 'पहिली' हा शब्द तर फारच जपून वापरा, उद्या कोणीतरी तिच्या आधीची शोधून काढतं आणि सगळी पाटीच खोटी ठरते.

आता लिहायचं काय. त्यागमूर्ती, माऊली, अमक्यांच्या पाठीशी खंबीर उभी वगैरे नको, तिने काय केलं ते लिहा. इंग्लंडमधल्या लाइम रीजिसची मेरी ॲनिंग (१७९९ ते १८४७) घ्या. समुद्रकाठच्या कड्यांतून जीवाश्म काढून विकणारी गरीब घरातली बाई, १८२३ मध्ये तिला प्लेसिओसॉरचा (समुद्रात राहणारा प्राचीन सरपटणारा प्राणी) जवळजवळ अख्खा सांगाडा मिळाला, पण तिने काढलेल्या जीवाश्मांवर शोधनिबंध वाचले गेले ते पुरुषांचे, आणि लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत, म्हणजे भूशास्त्रज्ञांच्या संस्थेत, बायकांना सदस्यत्व मिळालं ते १९१९ मध्ये. तिचा पुतळा तिच्या गावात २०२२ ला उभा राहिला तो एका शाळकरी मुलीने आणि तिच्या आईने सुरू केलेल्या मोहिमेतून. यातलं एकही विशेषण काढायला नको, कारण मी घातलेलंच नाही (गरीब सोडून).

अजून एक, एकीला वर काढताना दुसरीला खाली ढकलू नका. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये खऱ्याखुऱ्या बायकांचा पहिला पुतळा बसला २०२० मध्ये. आधीच्या आराखड्यात बायकांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सुझन अँथनी आणि एलिझाबेथ स्टँटन या दोन गोऱ्या बायकाच होत्या, टीका झाल्यावर गुलामगिरीतून बाहेर पडलेल्या कृष्णवर्णीय सोजर्नर ट्रुथ यांना त्यात घेतलं. म्हणजे विसरलेल्यांच्या यादीतूनही कोणी विसरलं जातंच, तेव्हा आपली यादी एकदा परक्या माणसाला दाखवा.

पाटी लावायचीच असेल तर जागामालकाची लेखी परवानगी, मजकूर तीसेक शब्दांत आणि छापायच्या आधी तीन जणांनी वाचलेला. नियमही बघून घ्या, लंडनमध्ये नामवंतांच्या घरांवर इंग्लिश हेरिटेज ही संस्था लावते त्या निळ्या पाट्यांसाठी माणूस जाऊन किमान २० वर्षं झालेली लागतात. त्या पाट्यांतही बायका साधारण १५ टक्केच आहेत बरं का.

पाटीला परवानगी नाही मिळाली तर विकिपीडिया आहेच, पण तिथे घरातल्यांच्या आठवणी चालत नाहीत, स्वतंत्र, विश्वासार्ह ठिकाणी प्रसिद्ध झालेले संदर्भ लागतात. इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रलेखांत २०१४ च्या सुमारास बायकांचे लेख साधारण साडेपंधरा टक्के होते, 'विमेन इन रेड' या प्रकल्पातल्या लोकांनी एकेक लेख लिहून तो आकडा २० च्या जवळ आणलाय.

आणि शेवटी जमलेला सगळा माल स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवून बसू नका. रेकॉर्डिंग, स्कॅन, परवानगीचे कागद यांची एक प्रत वाचनालयात किंवा अभिलेखागारात द्या, एक घरच्यांना द्या, आणि फाईलला 'फोटो १२' नाही तर तिचं पूर्ण नाव द्या.